धुराची शपथ

रिक्षात मागच्या सीटवर मालिनी प्रधान बसली होती आणि तिच्या मांडीवर मोटरसायकलचं मागचं चाक होतं. चाक जुन्या चादरीत गुंडाळलेलं, वरून दसऱ्याची सुकत आलेली झेंडूची माळ. अंबरनाथ पश्चिमेपासून नेवाळीपर्यंत रिक्षावाल्याने आरशातून कितीदा तरी बघून घेतलं, पण विचारायचं धाडस काही केलं नाही. विचारलं असतं तर ती सांगणार तरी काय होती? नवरा गाडीवरून पुढे गेलाय आणि गाडीचं आणखी एक चाक बायको मागून घेऊन चालली आहे, हे शहाण्या माणसाला पटेल असं सांगणं अवघडच होतं.

गुरुदत्त प्रधान एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर होता. चाळिशी आलेली, केस मागे हटलेले, कामावर अत्यंत गंभीर. पण दोन-चार महिन्यांनी एखाद्या रविवारी अंबरनाथ-उल्हासनगरकडची गाडीवेडी मंडळी नेवाळीच्या जुन्या धावपट्टीवर जमत आणि दोन-दोन गाड्या सरळ रेषेत पाव मैल पळवत. तिथे गेला की हाच गृहस्थ कॉलेजातला होई. त्याच्या राजदूत साडेतीनशेसाठी मऊ रबराचा टायर चढवलेलं हे वेगळं चाक होतं. रस्त्यावर झिजू नये म्हणून ते फक्त शर्यतीपुरतं बसवायचं, एरवी गॅलरीत चादर पांघरून निवांत पडलेलं असायचं. मालिनी त्याला सवत म्हणायची. कपडे वाळत घालताना रोज तिला ओलांडून जावं लागे, त्यामुळे नाव अगदीच खोटं नव्हतं.

मालिनी या शर्यतींना कधी गेली नव्हती. तिने फक्त एक फोटो पाहिला होता. त्यात पांढऱ्या धुराच्या लोटात नवरा गाडीवर बसलेला होता आणि त्याच्या हेल्मेटचा तेवढा शेंडा दिसत होता. तो फोटो तिने फार वेळ हातात धरला नाही. कारखान्यात एकदा आग लागली होती, तेव्हा हा माणूस सकाळी काजळलेल्या तोंडाने घरी आला होता आणि काय झालं ते न सांगता आंघोळीला गेला होता. तेव्हापासून तिला धूर नकोसा झाला होता. कुणी मुद्दाम चाक जागच्या जागी फिरवून टायर जाळतं, हे तर तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. तिच्या मते शर्यतीत धोका असा तेवढाच होता. बाकी काय, सरळ तर जायचं.

म्हणून दसऱ्याला गुरुदत्तने आपट्याची पानं पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, "सोनं राहू दे. माझ्या गळ्याची शपथ घ्या. शर्यत करा, पण धूर करायचा नाही. मी 'शपथ सुटली' म्हणेपर्यंत."

गुरुदत्तने तरीही पानं तिच्या हातावर ठेवली. "बरं," म्हणाला.

तो इतक्या सहज कबूल झाला की मालिनीला सवतीचीही दया आली. गाडीची पूजा झालीच होती. तिने चाकही गॅलरीतून ओढून आणलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. रबर कसं निस्तेज, राखाडी दिसत होतं. तिने वाटीत खोबरेल घेतलं आणि लेकीच्या केसांना लावावं तसं ते टायरला चोळून चोळून जिरवलं. टायर शाळिग्रामासारखा काळाभोर झाला. मग हळदकुंकू, मग माळ. गुरुदत्त तेव्हा खाली शेजाऱ्यांना सोनं वाटत होता. धूर होणार नाही म्हटल्यावर आता बघायला जायलाही हरकत नव्हती, म्हणून रविवारी चाक पोचवायचं कामही तिने आपणहून अंगावर घेतलं.

धावपट्टीवर पोचल्यावर गुरुदत्त चाक घेऊन एका टेम्पोच्या आड ते बसवायला गेला. मालिनीला जागा मिळाली छत्रीखाली, द्रौपदीशेजारी. द्रौपदीचा नवरा सुदाम विठ्ठलवाडीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि आज गुरुदत्तची शर्यत त्याच्याशीच लागणार होती. द्रौपदी प्रत्येक शर्यतीला यायची. तिने मालिनीला निम्मा पेरू दिला आणि आपला पसारा सरकवला.

समोर कुणीतरी जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं. एका पोराने गाडीचं मागचं चाक त्या पाण्यात आणलं, पुढचं एका ठोकळ्याला टेकवलं आणि पुढचा ब्रेक दाबून जागच्या जागी मागचं चाक गरगर फिरवलं. आधी पाणी उडालं, मग धूर.

"कसले हे थेर?" मालिनी म्हणाली.

"थेर नाय वहिनी, ते करावंच लागतं," द्रौपदी पेरू चावत म्हणाली. "पाण्यात फिरवलं की टायरची धूळ-माती जाते. मग धूर येईपर्यंत फिरवायचं. रबर तापलं की चिकट होतं, रस्ता पकडून ठेवतं. नायतर काय खरं नाय. मागच्या टायमाला बदलापूरचा एक जण होता, त्याच्या टायरला ऑईल लागलेलं. हा गडबडीत तसाच सुटला, धूर न करता. गाडी जी आडवी गेली, मांडीचं हाडच मोडलं. अजून काठी घेऊन चालतो."

"कसलं ऑईल?"

"कसलं पण असू दे. ऑईल ते ऑईल."

मालिनीच्या हातातला पेरू हातातच राहिला. घरातली वाटी तिला डोळ्यांसमोर दिसली, तळाशी थेंबही न उरलेली. आपणच तेल चोळलं आणि ते जाळायची वाटही आपणच शपथ घालून बंद केली. नवऱ्याच्या जिवावर उठायचं ठरवलं असतं तरी याहून चोख काम झालं नसतं.

तेवढ्यात सुदाम आणि गुरुदत्त आलेच. सुदामने पाण्यात चाक घातलं, मनसोक्त धूर केला आणि रेषेवर जाऊन थांबला. गुरुदत्त पाण्याला वळसा घालून थेट रेषेवर गेला. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "प्रधानसाहेब, आज बिना धूर के?" गुरुदत्तने हेल्मेट घातलेलं डोकं नकारार्थी हलवलं. लोक हसले.

मालिनी उठली. "अहो," तिने हाक मारली, पण दोन्ही गाड्यांच्या आवाजात ती तिची तिलाही ऐकू आली नाही. झेंडेवाल्याने झेंडा वर नेला. मग मात्र तिने निऱ्या मुठीत धरल्या आणि पळत सुटली. एक चप्पल वाटेतच राहिली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच चारचौघांत अशी पळत होती आणि लाज वाटायला सवडच नव्हती. ती सरळ गाडीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

गुरुदत्तने इंजिन बंद करून हेल्मेट काढलं. "मालू, काय झालं?"

"सुटली," ती धापा टाकत म्हणाली. "शपथ सुटली. धूर करा. चांगला भरपूर करा."

झेंडेवाल्याने झेंडा खाली घेतला आणि कपाळाला हात लावला. पण गुरुदत्तने काही न विचारता गाडी मागे घेतली. पाण्यात चाक फिरू लागलं, तसा गाडीचा मागचा भाग डावीकडे गेला, उजवीकडे गेला, जमिनीवर धरच घेईना. गाडी जागेवर होती, पुढे ठोकळा होता, म्हणून निभावलं. हेच रेषेवरून सुटताना झालं असतं, हे मालिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी पिवळट धूर आला आणि करपलेल्या खोबऱ्याचा वास सगळ्या धावपट्टीवर पसरला. "कोणाचा मसाला जळतोय?" लाऊडस्पीकर म्हणाला. मग हळूहळू धूर पांढरा झाला, रबराचा उग्र वास आला आणि गाडीची शेपटी एकदम शांत झाली.

मालिनी त्या धुरात उभी होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, खोकला येत होता, पण ती बाजूला झाली नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता.

शर्यत सुदामने जिंकली, अगदी चाकभर अंतराने. हे मालिनीला नंतर द्रौपदीने सांगितलं. तिने स्वतः एवढंच पाहिलं होतं की गाडी सरळ गेली.

गुरुदत्त तिची चप्पल हातात घेऊन परत आला.

"त्या टायरला मी तेल लावलं होतं," मालिनी म्हणाली. "पूजेच्या वेळी."

"कळलं मला. चाक बसवतानाच हात बरबटले. साबणाने दोनदा धुतलं, पण पार मुरवलंस गं तू."

"आणि तरीही तसेच निघाला होतात?" आता तिचा आवाज चढला.

"पळवणार थोडीच होतो. पहिल्या गिअरमध्ये, सायकलसारखी, हळूहळू शेवटपर्यंत नेली असती."

"एवढ्या लोकांसमोर? दात काढले असते सगळ्यांनी."

"काढले असते."

"मग येऊन सांगायचं ना मला. सोडवली असती शपथ तिथल्या तिथे."

गुरुदत्तने चप्पल तिच्या पायाशी ठेवली. "तुझ्याकडे मागून सोडवून घ्यायची असती तर घेतलीच कशाला असती?" म्हणाला, आणि चाक सोडवायला टेम्पोकडे गेला.

मालिनीला त्याचा राग आला, हसूही आलं, आणि मग रडू आलं. धुराचं निमित्त होतं, तिने पदराने डोळे पुसून घेतले.

परतीच्या रिक्षात चाक पुन्हा तिच्या मांडीवर होतं. चादर द्रौपदीच्या छत्रीखालीच राहिली होती, त्यामुळे साडीला काळे डाग पडत होते. टायर अजून कोमट होता. तिने त्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.