कान्हूआबाचे पाच शब्द

सावित्राबाईनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तीन महिने! तिचा नवरा कान्हू मळवलीत एका बंगल्याची राखण करी. हल्ली तो नळ उघडे ठेवून फिरे, जेवून उठला तरी जेवण मागे, आणि ही मागनं हिंडून सगळं निस्तरे. मालकाला कळलं तर काम जाईल, राहती खोली जाईल, मग या वयात जायचं कुठं?

अशात लोणावळ्याच्या दवाखान्यातली रुखसार म्हाताऱ्या माणसांची आठवण तपासत दारात आली. सावित्राबाई भारी बेरकी! "ह्यांना ताप हाय. आदी माजं घे, पोरी. पन मी शाळा न्हाई शिकलेली."

"मावशी, यात लिहायचं-वाचायचं काहीच नाही. पाच शब्द सांगते, थोड्या वेळानं पुन्हा विचारीन."

विळा, चिंच, रेडा, कंदील, घोंगडी. बाईनं पाची सांगितले आणि मनात पक्के करून ठेवले.

रुखसार आठवड्यानं कान्हूसाठी पुन्हा येणार होती. मग आठ दिवस नुसता धोशा. चहा देताना, तांदूळ निवडताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा, "म्हना, विळा."

"अगं, याड लागलंय का तुला?" कान्हू वैतागे, पण म्हणे. आठव्या दिवशी त्यानं न अडखळता पाची म्हटले, तेव्हा तिला रडूच आलं.

रुखसार परत आली. "मावशी, तुम्ही बाहेर बसा. घरचं माणूस जवळ असलं की नकळत उत्तरं पुरवतं."

बाई पायरीवर बसली, कान आत लावून. आतून आवाज आला, "पाटा, जांभूळ, शेळी, खुर्ची, टोपली." मेलीनं शब्दच बदलले की!

थोड्या वेळानं रुखसारनं शब्द विचारले. कान्हू खणखणीत आवाजात म्हणाला, "विळा, चिंच, रेडा, कंदील, घोंगडी!"

रुखसार बाहेर आली. ती चिडली नव्हती, आणि तेच बाईला सोसेना.

"मीच पाठ करून घेतले," बाई म्हणाली. "लिव ना गं पाचीच्या पाची. तुजं काय जातंय? मालकाला कळलं तर आमची खोली जाईल."

"मग डॉक्टर त्यांना धडधाकट समजून घरी पाठवतील, मावशी. आत्ता कुठं सुरुवात दिसतेय, आत्ताच पुष्कळ काही करता येईल. मालकाला मी काही सांगणार नाही. कागद फक्त डॉक्टरांकडं जातो." तिनं दुसरा कागद काढला. "हा घरच्या माणसासाठी असतो. आबा काय काय विसरतात, ते तुम्ही सांगायचं."

आतून कान्हूनं हाक मारली, "अगं, आले का पाची बरुबर?"

"व्हय, व्हय, आले!" बाई ओरडली. मग पदरानं डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"लिव, बाई. सोमवारी भाजे गावावरनं येताना वाट चुकले. रोजची पायाखालची वाट. मी हुडकत गेले, तर बांधावर बसून रडत व्हते. म्हनले, सावित्रे, कुनाला सांगू नगं. आन् आज मी सांगितलं."