दुसऱ्या बाजूचा कान

मित्रांनो, जरा टेकू द्या मला. मी एक जुना स्टीलचा पॅन आहे आणि हल्ली बसल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही. खिळ्यावर टांगलेला पाहिलात तर म्हणाल, याला काय झालंय, चांगला धडधाकट तर दिसतोय. दिसण्यावर जाऊ नका. ज्याने आगीवर आयुष्य काढलं त्याचा थकवा वरून दिसत नाही, तो बुडात असतो.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा जाड थर ठेवला, तिघांना तापवून आणि दाबून एकजीव केलं, त्यातून एक गोल चकती कापली आणि एका अवजड यंत्राने तिच्यावर दणका घातला. त्या दणक्याने मला पोट आलं. मग रिवेट ठोकून लांब दांडा बसवला. मग पॉलिशच्या चाकापुढे धरून मला इतकं घासलं, की घासणाऱ्या कामगाराला माझ्यात आपली वाढलेली दाढी दिसली आणि तो स्वतःशीच हसला. सगळ्यात शेवटी दांड्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठाला, एक छोटी कडी लावली. कढईला असतो तसा कान. एका बाजूला हातभर दांडा आणि दुसऱ्या बाजूला हा एवढासा कान, माझं मलाच ते ध्यान वाटायचं.

दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, "बाप रे, केवढा जड!" म्हणायचं आणि जागेवर ठेवून द्यायचं. शेजारचे काळे, हलके, गुळगुळीत पॅन हातोहात खपत होते. आपला गुणच आपल्या आड येतो तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

मग एक जोडपं आलं. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची आणि तो शहरात बस चालवायचा. लग्न नवीनच होतं. त्यांची नावं मला आजतागायत माहीत नाहीत, कारण तो तिला 'अगं' म्हणायचा आणि ती त्याला 'अहो'. मी आपला तिला मालकीणबाई म्हणत आलो आणि त्यांना अहो.

मालकीणबाईंनी मला पाहिलं ते इस्त्री पाहावी तसं. आधी दांडा धरून हातावर तोललं. मग काउंटरवर ठेवून काठावर चारी बाजूंनी बोटं दाबली. मी डुगडुगलो नाही. मग दांडा धरून हलवला, रिवेट ढिले आहेत का ते बघितलं. काठ जरा बाहेर वळलेला होता त्यावरून बोट फिरवलं, कुठे कापतं का म्हणून. दुकानदार कौतुकाने बघत उभा होता.

"अगं, पण जड किती आहे!" अहो म्हणाले. "मनगट मोडेल तुझं."

"हलक्या इस्त्रीने चुणी जात नाही, आणि हलकं भांडं शेगडीवर जागेवर राहत नाही," त्या म्हणाल्या. "बूड जाड आहे, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागेल. मध्ये करपलं आणि कडेला कच्चं, असं नाही व्हायचं."

"आणि बाई, हा कान बघा," दुकानदार म्हणाला. "भरलेला पॅन उचलायला दुसऱ्या हाताला आधार."

मालकीणबाई खळखळून हसल्या. "तो नाही लागायचा हो मला! दिवसभर लाँड्रीत काय पिसं उचलते की काय? माझा एक हात पुरे आहे."

अहो तेव्हा बाहेर रस्त्यावर लावलेली कुणाचीतरी गाडी बघत होते. कानाचं बोलणं त्यांच्या कानावरही आलं नाही.

घरी आलो आणि माझी शोभा झाली. पहिल्याच सकाळी मालकीणबाईंनी मला शेगडीवर ठेवलं, लगेच तेल घातलं आणि लगेच अंडी फोडली. मी अजून गारच होतो. अंडी मला अशी चिकटली की सुटता सुटेनात. अहो ताटात बघून म्हणाले, "हे अंडं आहे की भिंतीचा पोपडा?" मला सुरीने खरवडलं, तारेच्या घासणीने घासलं, माझी चकाकी पहिल्या आठवड्यातच गेली. बटाटे चिकटले, कांदा चिकटला. मला परत करायचं ठरलं आणि मी पुन्हा पिशवीत गेलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होतो, पण पॅनचं कोण ऐकतं?

जाण्याआधी शेवटचं म्हणून मालकीणबाईंनी मला पिशवीतून काढून एकदा शेगडीवर चढवलं आणि दार वाजलं म्हणून गेल्या. परत आल्या तोवर मी चांगला तापलो होतो. हात ओले होते, ते झटकले, आणि पाण्याचा एक थेंब माझ्यावर पडला. तो चर्र करून विरला नाही. मण्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळत सुटला.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "रोज इस्त्रीवर पाणी शिंपडून बघते, तापली का म्हणून. आणि घरी आले की अक्कल गहाण टाकते!"

त्या दिवसापासून आमचं जुळलं. आधी मी तापायचा, मग थेंब, मग आच कमी करून तेल, मग पदार्थ. मासळी टाकली की त्या तिला हात लावायच्या नाहीत. घाई केली तर कातडी माझ्याकडे राहते. धीर धरला तर तुकडा खरपूस होतो आणि आपणहून सुटतो. तळाला जे तांबूस राहायचं त्यावर पाण्याचा हबका मारायच्या, लाकडी उलथन्याने फिरवायच्या, आणि तो रस्सा ताटात वाढायच्या. शेजारणी विचारायला यायच्या. मुलगी झाली, ती स्टुलावर उभी राहून माझ्यात डोकावायला लागली. तिला ताई म्हणायचे. अहो ड्यूटीवरून आले की ताट घेण्याआधीच माझ्यातला एखादा तुकडा तोंडात टाकायचे आणि बोलणी खायचे. स्वयंपाकघरात त्यांचं काम तेवढंच. माझा दांडा मालकीणबाईंच्या हाताला ओळखू लागला. कानावर मात्र फक्त हात पुसायचं फडकं वाळत असायचं.

सुखाचे दिवस सांगायला मला कंटाळा येत नाही, पण ते सांगून लवकर संपतात.

ताई लग्न होऊन गेली. अहो निवृत्त झाले, खुर्चीत बसून खिडकीतून जाणाऱ्या बसेसना नावं ठेवू लागले. मालकीणबाईंनीही लाँड्री सोडली, पण इस्त्रीने त्यांचं मनगट सोडलं नव्हतं. हे घरात पहिल्यांदा कळलं ते मला. त्या मला उचलायच्या आधी क्षणभर थांबायला लागल्या. मग दांड्याला फडकं गुंडाळायला लागल्या. कुणी पाहिलं तर म्हणायच्या, "तापलाय हो फार." मित्रांनो, दांडा गार असायचा. मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं. मला जीभ नाही. त्यांना होती, पण त्यांनी ती दाताखाली धरली. दुखतंय म्हटलं की लोक हातातलं काम काढून घेतात, ही त्यांची भीती. मी त्यांच्या हातात दिवसेंदिवस जड होत गेलो आणि मला माझ्याच वजनाची लाज वाटू लागली.

एके दुपारी व्हायचं ते झालं. कांदा परतून झाला होता. त्यांनी मला उचललं, मनगटात कळ आली, आणि मी सुटलो. फरशी फुटली. तेल त्यांच्या पायापाशी उडालं. पाय थोडक्यात वाचला, पण मनगटाला बँडेज आलं, आणि ताई आली.

"आई, पुरे झालं आता," ताई रडवेली झाली होती. "हात बरा झाला की तुम्ही दोघं माझ्याकडे चला. ही जागा सोडा."

"अगं, माझं स्वयंपाकघर आहे इथे."

"माझ्याकडे स्वयंपाकघर आहे की!"

"ते तुझं आहे ना," मालकीणबाई म्हणाल्या. ताईचा विचार मात्र बदलला नाही. मुलगी वाईट नव्हती, घाबरली होती. तोवर वापरायला तिने एक काळा, हलका पॅन आणून दिला आणि मला गॅलरीत ठेवलं. रिकामा नको म्हणून माझ्यात झाडाची कुंडी ठेवली.

गॅलरीत मी कुंडीतून गळलेलं पाणी प्यायलो आणि माती खाल्ली. अंगावर पांढरे डाग पडले. रागही आला नाही. नुसतं वाटलं, आता असंच राहू दे, उचलू नका मला कुणी. आतून मालकीणबाईंचा आवाज येत नव्हता. त्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असायच्या, आणि जन्मात पहिल्यांदा अहो शेगडीपुढे उभे होते.

काळ्या पॅनबद्दल मी वाईट बोलणार नाही. मऊ आचेवर, लाकडी चमच्याने, तो पुष्कळ वर्षं जगला असता. अहोंनी त्याला भडक आचेवर रिकामा ठेवला आणि खिडकीतून एका बसच्या ड्रायव्हरला शिव्या द्यायला गेले. परत आले तोवर त्याच्या पोटातला काळा थर फोडासारखा उठला होता आणि घरभर घाण वास भरला होता.

कुंडी उचलली गेली. अहोंचे मोठे हात माझ्याभोवती आले. त्यांनी मला नळाखाली धरलं आणि तारेची घासणी घेतली.

"थांबा!" दारातून आवाज आला. मालकीणबाई उठून आल्या होत्या. "आधी पाणी घालून उकळा. मग डाग सुटतील. उगीच त्याचं कातडं काढू नका."

मग शिकवणी सुरू झाली. थेंब टाका. चर्र झालं? मग अजून नाही. आता पळाला? आता आच कमी करा, तेल घाला. अंडी फोडली आणि अहो लगेच उलथनं घेऊन धावले.

"अहो, जरा थांबा ना! स्टॉपवर थांबता तसे थांबा."

"स्टॉपवर आम्ही कुठे थांबायचो!" अहो म्हणाले, आणि मालकीणबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

उतरवायची वेळ आली. अहोंनी ऐटीत एका हाताने दांडा धरला, मला उचललं, आणि मी कलंडलो. अंडी काठापर्यंत आली. "हं! त्या बाजूचा कान धरा," मालकीणबाई ओरडल्या.

"कुठला कान?"

मित्रांनो, अहो एवढी वर्षं त्या घरात राहिले, माझ्यातलं खाल्लं, पण माझा कान त्यांनी पाहिलाच नव्हता. तो कायम फडक्याखाली झाकलेला असायचा ना! मालकीणबाईंनी बोटाने दाखवला. अहो त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फडक्याने कान धरला, आणि मालकीणबाईंनी आपल्या चांगल्या हाताने दांडा. मी दोघांच्या मध्ये तरंगत टेबलावर आलो. इतका हलका मी दुकानातही नव्हतो.

खाताना अहोंची नजर मालकीणबाईंच्या बँडेजवर गेली. "अगं, इतकं दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही उचलणार होतात?"

अहोंनी ताटाकडे बघितलं. "उचललं असतं," ते हळूच म्हणाले. ते खरं होतं की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण वाईट त्यांना मनापासून वाटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी तापायच्या आतच ते शेगडीपाशी येऊन उभे राहिले.

बँडेज सुटलं त्या रविवारी ताई गाडी घेऊन आली. सामान भरायला रिकामी खोकी आणली होती. ती दारात आली तेव्हा मासळीचा शेवटचा तुकडा नुकताच आपणहून सुटला होता. मालकीणबाईंनी दांडा धरला, अहोंनी कान. "डावीकडे घ्या, फुटकी फरशी आहे," "दिसतेय गं, मी गाडी चालवलीय जन्मभर," असं भांडत भांडत ते मला घेऊन ताईच्या समोरून गेले आणि टेबलावर ठेवलं. मालकीणबाईंनी ताईकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

ताईने दांडा आणि कान धरलेल्या त्या हातांकडे बघितलं. मग तिने खोकी जिन्यातच ठेवली, हात धुतले आणि खुर्ची ओढली.

"बाबा, मीठ कमी पडलंय," पहिला घास खाऊन ती म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, पण म्हणाली. "पुढच्या रविवारी मी शिकवते तुम्हाला. जेवायलाच येईन."

मी अजून कामावर आहे. थकलोय. बुडाला निळसर छटा आलीय, एक रिवेट थोडा कुरकुरतो, आणि चमकायची हौस मला उरलेली नाही. माझ्यासाठी फार काही मागत नाही. तापवल्याशिवाय माझ्यात काही घालू नका, भडक आचेवर विसरू नका, घासायच्या आधी भिजवा, बस्स. पॅन निवडायला गेलात तर बूड बघा, वजन बघा, रिवेट बघा. पण घरी आणल्यावर तुमच्याकडचं जड भांडं कोण उचलतं तेही एकदा बघा. त्याने दांड्याला फडकं गुंडाळलं असेल, तर दांड्याला हात लावून पाहा. तो गार लागला, तर काही विचारत बसू नका. पलीकडे जाऊन कान धरा.