पान १२८ नंतर

शेवटी बाइंडरला बढती मिळाली. पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण बाइंडर स्वतःही तसंच धरून चालतो.

तीस वर्षांत त्याने एकही पुस्तक चुकीचं बांधलं नव्हतं. त्याची झोप आणि त्याचा मान या एका गोष्टीवर उभे होते. मग एका मंगळवारी दोन पुस्तकांचे कागद एकदम आले. एक जगातले सगळे धर्म आणि तत्त्वज्ञानं समजावून सांगणारं, दुसरं नुसत्या प्रश्नांचं, आपलं व्यक्तिमत्त्व आपणच तपासायचं. आकार तोच, कागद तोच. सोळा पानांची एक घडी. थप्प्यांतून ओळीने एकेक घडी उचलायची आणि शिवायची. धर्मांच्या पुस्तकाची नववी उचलताना त्याला शिंक आली आणि हात शेजारच्या पुस्तकाच्या थप्पीवर पडला. दोन्हीकडे नववी घडी पान १२९ पासूनच सुरू होत होती, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती.

एकच प्रत बिघडली. ती नेमकी भाऊजींनी नेली.

भाऊजी म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान. चपला घालून बघाव्यात तसे त्यांनी पंधरा दिवसांना एक धर्म घालून बघितला होता आणि सगळे चावतात म्हणून परत केले होते. तत्त्वज्ञान त्यांना जेवणापर्यंत पुरायचं. बहीण म्हणाली की नळ गळतोय, तर ते म्हणायचे, "तुला तो गळताना दिसतो, हा तुझा स्वभाव आहे." नळ मग बाइंडर जाऊन दुरुस्त करायचा.

पान १२८ च्या तळाशी शिष्य विचारतो, "मुक्ती म्हणजे काय?" साधू डोळे मिटून म्हणतो, आणि समोरच्या पानावर: "अनोळखी लोकांत तुम्ही दाराजवळची खुर्ची शोधता का? अ) नेहमी ब) कधीकधी क) खुर्ची असेल तर."

भाऊजी तीन दिवस बोलले नाहीत. बहिणीचे तेवढेच तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी ते बाइंडरच्या खोलीत येऊन दाराजवळ उभे राहिले.

"मी 'क' आहे," ते म्हणाले.

"बसा. खुर्ची आहे तिथे."

"बघ, तुलाही कळलं."

"भाऊजी, ती चूक आहे माझी. घडी दुसऱ्या पुस्तकाची लागली. आणा इकडे, दहा मिनिटांत उसवून देतो."

"सगळे धर्म उत्तरं देत बसले रे. पर्याय कोणी दिले होते का आजवर?"

"मला शिंक आली हो, बाकी काही नाही."

"शिंकेतून आलं," म्हणत भाऊजींनी वही काढली.

महिन्याभरात त्यांच्या घरी चाळीस माणसं जमू लागली. त्यांत दोन प्राध्यापक आणि एक दातांचा डॉक्टर. प्रत्येक जण आपली खुर्ची आणून दाराजवळच मांडायचा, त्यामुळे आत कोणालाच जाता येत नसे. बहीण खिडकीतून ये-जा करू लागली.

मग बाइंडरला मालकांनी बोलावलं. "दोन हजार प्रती हव्यात. तसल्याच."

"नीट बांधलेल्या पडल्यात की."

"त्या लोक परत करतात. त्यात साधू उत्तर देतो म्हणे. पाच ओळींत. फार निराशा होते."

"मालक, मी जाणूनबुजून चुकीचं बांधणार नाही."

मालकांनी त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "तू 'ब' दिसतोस."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: मुख्य बाइंडर, नववी घडी. टेबलावर तपकिरीची डबी होती. प्रत्येक प्रतीला एक खरी शिंक हवी, अशी भाऊजींची अट होती. चारशेव्या प्रतीनंतर बाइंडरने नाक पुसलं, कचेरीतला कोरा अर्ज मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"महोदय, उपरोक्त ग्रंथाच्या किमान एका प्रतीत पान १२८ नंतर त्याच ग्रंथाचे पान १२९ लावण्याची परवानगी मिळावी. सदर प्रत विकली जाणार नाही, कोणास दाखवली जाणार नाही, तसेच तीमुळे कोणास मुक्ती मिळाल्यास त्याची जबाबदारी आस्थापनेवर राहणार नाही. सोबत घडी एक, न शिंकता जोडली आहे. तरी योग्य तो आदेश व्हावा, ही नम्र विनंती."