डावखुऱ्या चाळीस कात्र्या

“दोरे कोणी कापले?” एवाल्ड भर कारखान्यात ओरडला.

त्याच्या बाकावर दोन खोकी होती. एकात कात्र्यांची वरची पाती, दुसऱ्यात खालची. कचेरीतल्या लोकांनी सकाळीच येऊन जोडीजोडीने बांधलेल्या पात्यांचे दोरे कापले होते आणि सगळं नीट लावून ठेवलं होतं. नीट! कात्रीचं पातं आपल्या जोडीदारासाठीच घडवलेलं असतं, परक्याशी ते जुळत नाही, हे आमच्या वुपर नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल.

मी या गावचा शिंपी, डावखुरा आणि थापाड्या. एवाल्डच्या कात्रीने आमच्या पाद्र्याच्या चिरुटाचा धूर उभा कापला, तेव्हापासून तो धूर दोन खोल्यांत राहतो, हे मीच सांगत फिरतो. पण ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच डोकं फिरतं.

एवाल्ड क्लॉफ्ट एकेचाळीस वर्षं हलक्या हातोडीने पात्याशी पातं जुळवत आला. आता त्याच्या मालकांनी नदीपलीकडच्या कारखान्याशी करार केला होता: यांनी फक्त सुऱ्या करायच्या, त्यांनी फक्त कात्र्या, आणि एकमेकांचा माल विकायचा. आज बाराचा भोंगा झाला की इथली कात्री बंद. पलीकडे डावखुरी कात्री होतच नाही. या शेवटच्या चाळीस होत्या; एकोणचाळीस आधीच विकल्या गेल्या होत्या, आणि उरलेली एक न्यायला मी आलो होतो.

करारासाठी ड्युसेलडॉर्फहून आलेल्या वकीलबाई दारातच उभ्या होत्या. मी विचारलं, “काय हो बाई, दोन धंदेवाल्यांनी असं आपसात वाटून घेणं गुन्हा ना?”

“एरवी हो. पण दोघांचा मिळून बाजारातला वाटा वीस टक्क्यांच्या आत आहे. अशांना कायद्यात सूट असते. खर्च वाचतो, गिऱ्हाइकाचा फायदा होतो.”

“गिऱ्हाईक मीच की! माझ्या डाव्या हाताचं काय?”

बाईंनी कागद चाळले. पुन्हा चाळले.

“चाळा, चाळा. सापडलो तर मलाही सांगा.”

“गप रे, थापाड्या! ऐकू दे मला,” एवाल्ड खेकसला.

डोळे मिटून तो दोन-दोन पाती कानाशी घासून पाहत होता. खरखर आली की बाजूला. कुजबूज आली की जोडी. मग स्क्रू, हातोडीचे दोन-तीन ठोके, आणि ओल्या पातळ कागदावर टोकाची परीक्षा. चहा नाही, पाव नाही. एकोणचाळीस झाल्या आणि भोंगा वाजला.

मालक ब्र्युकेलमान आले. “ठेव हातोडी, एवाल्ड.”

“एकच राहिलीय, साहेब. वीस मिनिटं द्या.”

“बारानंतर आमच्या नावाची एक जरी कात्री इथे झाली, तरी करार मोडतो. भंगारात टाक ती.”

दोन कारखान्यांना वीस टक्क्यांची सूट होती. एवाल्डला वीस मिनिटांची नव्हती!

त्याने ती दोन पाती आपल्या पावाच्या डब्यात घातली, टोपी उचलली आणि कोणाचाही निरोप न घेता निघून गेला.

रविवारी तो माझ्या दुकानात आला. मेजावर कात्री ठेवली. पात्यावर कारखान्याचं नाव असतं तिथे कानशीने घासलेला चकचकीत चट्टा होता.

“अरे, तुझं तरी नाव घालायचंस!”

“मी काय कारखाना आहे?”

त्याने पातळ कागद भिजवून धरला. मी डाव्या हाताने कात्री मिटली. कागदाचे दोन तुकडे मेजावर पडले, तरी एवाल्ड डोळे मिटून कान लावूनच बसला होता.