जेठीबाईंचा अनंत

मित्रांनो, मी एक जुना अनंत आहे. बारा महिने हिरवा असतो आणि पांढरी, दाट पाकळ्यांची सुवासिक फुलं देतो. पण मी बीपासून उगवलो नाही. बदलापूरजवळच्या कात्रपमध्ये वेणूबाईंच्या विहिरीकाठी एक अनंत होता, त्याची मी फांदी.

फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या छावणीत राहणाऱ्या जेठीबाई पापड विकायला कात्रपला येत. एकदा त्या विहिरीपाशी थबकल्या.

"सिंधमध्ये आमच्या दारात हाच होता. एक डाली देगी, बाई?"

"तोडलेली सुकून जाईल," वेणूबाई म्हणाल्या. "मुळांसकट देते. थोडी कळ काढ."

त्यांनी माझी साल अंगठीसारखी गोल सोलली, तिथे ओली माती आणि शेणखत लावून गोणपाट घट्ट बांधलं. यालाच गुटी म्हणतात. मुळं फुटल्यावर त्यांनी मला कापून जेठीबाईंच्या ओटीत घातलं.

जेठीबाईंनी मला छावणीतल्या कॅम्प चारमध्ये, आपल्या बराकीसमोर लावलं. तिथली जमीन मुरमाड. पाणी सार्वजनिक नळावरून आणावं लागे. जेठीबाई तांदूळ धुतलेलं पाणी मला घालत. पहिल्या उन्हाळ्यात माझी पानं पिवळी पडून गळाली. शेजारीण म्हणाली, "मर गया, निकाल दे." जेठीबाईंनी मात्र जुनी ओढणी बांधून माझ्यावर सावली केली. मी जगलो. पुढच्या वर्षी पहिलं फूल आलं, ते त्यांनी तोडलंच नाही. येता-जाता नुसतं पाहत राहिल्या.

मी त्यांच्या डोक्याच्या वर गेलो, तेव्हा बराकीसमोरून गटार खणायचं ठरलं. मी नेमका वाटेत होतो.

"बाई, झाड काढावं लागेल," मुकादम हिंदुराव म्हणाले.

"गटार तर पाहिजेच, भाऊ. मच्छरने बच्चे बीमार पडतात. पण हे झाड थोडे दिवस राहू दे."

हिंदुरावांनी दोन्ही बाजूंनी खणत आणून मधला तुकडा तसाच ठेवला. जेठीबाईंचा निरोप मिळताच वेणूबाई कात्रपहून आल्या. दोघींनी मिळून माझ्या प्रत्येक भरदार फांदीला गुटी बांधली. श्रावणात गोणपाटातून पांढरी मुळं डोकावली. मग एकेक फांदी शेजाऱ्यांच्या दारी गेली. एक हिंदुरावांनीही मागून नेली. त्याच दुपारी त्यांच्या माणसांनी माझं खोड उपटलं.

तरी मी संपलो नाही. त्या सगळ्या दारांत मीच फुलतो आहे.

मित्रांनो, कुणाचं झाड आवडलं तर फांदी ओरबाडू नका. विचारा, गुटी बांधायला शिका. मी तुमच्या दारी वाढलो, की कुणीतरी येऊन माझी फांदी मागेल. त्याला नाही म्हणू नका.