मागून घेतलेली भेट

माझी पाठ सुटली आहे आणि पहिली काही पाने कसरीने खाल्ली आहेत, तरी मित्रांनो, मला ओळखायला कठीण जाणार नाही. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. नुसते अर्थच नव्हे, तर शब्दांच्या जन्मकथाही माझ्यात आहेत.

पुण्याच्या छापखान्यात मी जन्मलो. चांगदेव गुरुजींनी मला विकत घेतले आणि डिंभे धरणाजवळच्या एका वाडीवर आणले. ते १९९३ साल होते. त्यांची बदली झाली, तेव्हा सातवीतल्या आरतीच्या हातात मला ठेवून ते म्हणाले, "ही माझ्याकडून भेट. परत काही द्यायचं नाही. वाच मात्र."

आरतीचे वडील गेणभाऊ भाताची शेती करत आणि फावल्या वेळात धरणात मासे धरत. आई अंबाबाई. दोघांनाही अक्षरओळख नव्हती, पण लेक मोठ्याने वाचू लागली की दोघेही हातातले काम थांबवत. ते माझे सुखाचे दिवस होते. आरती मला कापडात गुंडाळून शाळेत नेई. पुढे घोडेगावला कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा एसटीच्या वाटेवरही मी तिच्या मांडीवर असे.

२००१ साली तिला स्थळ आले. मुलाचे नाव रामनाथ. मुलगा शांत होता, नोकरीला होता. त्याची आई झुंबरबाई बैठकीत गोड बोलली. "हुंडा नगं आमाला. हुंडा घेणं वाईट. फकस्त पोराला गिफ्ट म्हणून मोटारसायकल द्या."

पाहुणे गेल्यावर आरतीने मला उघडले आणि त्या शब्दाचे पान काढले.

"आबा, ऐका. गिफ्ट म्हंजे आपल्या खुशीनं दिलेली वस्तू. मागून घेतली तर ती गिफ्ट नाय."

"आजून काय लिवलंय?" गेणभाऊंनी विचारले.

"लई जुन्या इंग्रजीत नवरदेव नवरीसाठी जे मोल द्यायचा, त्याला गिफ्ट म्हनायचे."

गेणभाऊ हसले. "म्हंजे देज! माझ्या बापानं तुझ्या आईसाठी दिलं व्हतं की. आता समदं उलटं झालं."

"आन् जर्मन भाषेत हाच शब्द इखाला म्हनत्यात. इखाचा घोटबी कुनीतरी देतंच ना, म्हणून."

गेणभाऊंचे हसू मावळले. त्यांनी चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाले, "पोरी, पुस्तकातलं खरं आसंल. पन पावणं नाराज झालं तर तुलाच तरास व्हईल."

त्यांनी बैलजोडी विकली. मोटारसायकल आली, लग्न झाले. आरती मला सोबत घेऊ लागली, तेव्हा सासरचे कुणीतरी म्हणाले, "पुस्तकं कशाला? संसार करायला चाललीय." मी फळीवर राहिलो.

बैल नसल्याने शेत दुसऱ्याला कसायला गेले. गेणभाऊ आता रोजच ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून धरणात जाळी टाकू लागले. पहिल्या दिवाळीला आरती आणि रामनाथ आले. आरती वाळली होती. जेवण झाल्यावर रामनाथ खाली मान घालून म्हणाला, "मामा, आईनं निरोप दिलाय. दिवाळसणाला टीव्ही गिफ्ट दिला तर बरं, म्हनती."

आरतीने नवऱ्याकडे पाहिले. त्याची मान खालीच राहिली. गेणभाऊच घाईने म्हणाले, "देऊ की, जावईबापू. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वारा सुटला होता. अंबाबाई दारात आडवी उभी राहिली. "आज नगा जाऊ. पानी लई हलतंय."

"चार जाळी जास्त टाकतो. पोरीला रिकामं कसं धाडायचं?" असे म्हणत त्यांनी ट्यूब खांद्यावर टाकली.

ट्यूब काठाला लागली. गेणभाऊ दोन दिवसांनी सापडले.

तेराव्यानंतर रामनाथ आरतीला न्यायला आला. त्याचे डोळे सुजले होते. "टीव्ही नगं, काय नगं. घरी चल," तो म्हणाला.

आरती शांतपणे म्हणाली, "आबा देतो म्हनले, तवा तुमी एकदा 'नगं' म्हनायला पायजे व्हतं. आता कुनाला सांगताय?"

तो उंबऱ्यावरूनच परत गेला. आरती गेली नाही. आता ती दूरच्या आश्रमशाळेत शिकवते आणि सुट्टीला येते. मला मात्र तिने त्यानंतर हातात घेतलेले नाही. त्या पानाशी पुन्हा जायचे धैर्य तिला होत नसावे. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, आमच्याकडचा पाऊस पुस्तकांना सोसत नाही. माझी पाने एकमेकांना चिकटू लागली आहेत. तुमच्या घरात कुणी एखादा गोड शब्द वापरून काही मागू लागले, तर तो शब्द आधी नीट उघडून पाहा. आणि घेणारे तुम्ही असाल, तर 'नको' म्हणायला उशीर करू नका.

ऊन पडले की अंबाबाई मला अंगणात आणते. एक अक्षरही न वाचता ती माझे एकेक पान बोटाने सोडवते, पदराने टिपते आणि वाळेपर्यंत जवळ बसून राहते.