मागे उभा असलेला माणूस

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या त्या इस्पितळात भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांच्या जागा दोनच होत्या. एक जिपाराची, दुसरी एल्दियारची. आणि एल्दियार तिचा हेवा लपवत नसे.

"तुला काय, अगायनं दत्तकच घेतलंय," तो म्हणायचा. "वर्षभरात दीडशे जणांच्या श्वासनलिकेत नळ्या घातल्यास. माझे डॉक्टर लॅरिंगोस्कोप हातातून सोडतील तर शपथ! मी आपला सलाइनच्या बाटल्या बदलतोय."

अगाय म्हणजे गुरुजी; इथं ओरमोन अगाय. एकसष्टी उलटलेले, देशाच्या दक्षिणेकडच्या निम्म्या भूलतज्ज्ञांना शिकवलेले. शिकवायची त्यांची रीत ठरलेली होती. कोटाच्या खिशात हात घालून ते शिकणाऱ्याच्या मागे उभे राहत आणि शांतपणे म्हणत, "घाल. मी आहे मागे."

या चार शब्दांच्या जोरावर जिपारानं तान्ह्या बाळांपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना झोपवलं होतं.

मार्चमध्ये मात्र तिला काही गोष्टी दिसू लागल्या. औषधाची कुपी फोडायची असली की अगाय सायरा एजेला हाक मारत. सायरा एजे, म्हणजे सायराताई, तिथली जुनी परिचारिका. ती निमूट येई, कुपी फोडून देई आणि निघून जाई. चहाचा प्याला अगाय दोन्ही तळव्यांत धरून पीत. कागदावरची त्यांची सही पूर्वी ठसठशीत असे, ती आता मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी दिसे. वय झालं, जिपारानं मनाशी म्हटलं. यापुढे तिनं विचार जाऊच दिला नाही. गेला असता, तर रोज सकाळी थिएटरमध्ये पाऊल टाकणं तिला जमलं नसतं.

एप्रिलमध्ये अलायच्या डोंगरातून अजार आपा आल्या. साठीच्या, गळ्यावर मुठीपेक्षा मोठा गलगंड. एक्स-रेत श्वासनलिका चक्क डावीकडे ढकललेली दिसत होती.

"अगाय, यांना जागं ठेवून दुर्बिणीनं नळी घालूया का?" जिपारानं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"दुर्बीण बिघडून पडलीय, दोन महिने झाले. थोडा वेळ टिकणारं औषध दे. जमेल. मी आहे ना मागे."

सकाळी टेबलावर पडल्यापडल्या आपांनी तिला नीट न्याहाळलं. "तू झोपवणार होय मला? वय काय गं तुझं?"

"सव्वीस, आपा."

"माझी सून एवढीच आहे. तिच्यावर नुसतं दूध सोपवलं तरी उतू घालवते."

सगळे हसले. जिपाराही हसली.

औषध गेलं. आपांचे डोळे मिटले, अंग सैल पडलं, श्वास थांबला. जिपारानं जबडा उघडून घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचं पातं आत सरकवलं. आत नुसतं गुलाबी मांस. स्वरतंतू कुठंच दिसेनात. तिनं पातं काढलं, मास्कनं हवा दिली, उशी बदलली, पुन्हा पाहिलं. तेच. नळी आत गेल्यासारखी वाटली, पण छाती हलली नाही, पोट फुगलं; ती अन्ननलिकेत शिरली होती. तिनं घाईनं नळी उपसली. टोकाला रक्त होतं.

रक्तातला प्राणवायू उतरला की मॉनिटरचा सूर खाली येतो. तो आता उतरू लागला होता.

"काय चाललंय तिकडे?" सर्जन दिल्मुरोद कुरकुरले. "मी हात धुवून दुपारपर्यंत उभाच राहू का?"

"अगाय, तुम्ही बघा," जिपारा म्हणाली आणि बाजूला सरकली.

अगाय जागचे हलले नाहीत.

"अगाय!"

त्यांनी उजवा हात खिशातून काढला. वाऱ्यात धरलेल्या कागदासारखा तो थरथरत होता. त्यांनी लॅरिंगोस्कोप उचलायला हात पुढे केला आणि पातं स्टीलच्या ट्रेवर टकटकटक वाजलं. ते सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"पुन्हा एकदा बघ," ते पुटपुटले. "थोडं डावीकडे."

जिपाराला एका क्षणात सगळं कळलं. वर्षभर मागे कोणी नव्हतंच. दीडशे वेळा ती एकटीच होती. ती तान्ही बाळं, ते म्हातारे सगळे तिला एकदम आठवले.

मॉनिटरवर प्राणवायूचा आकडा शहाऐंशी. पुन्हा बघावं? प्रत्येक धक्क्यासरशी आत सूज वाढणार. अजून हवा जातेय, ती वाट बंद झाली तर संपलंच.

"एजे, मास्क मी दोन्ही हातांनी धरते, तुम्ही फुगा दाबा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "नळी नाही घालायची. आपांना उठवायचंय."

"उठवायचंय?" दिल्मुरोद उसळले. "झोपवायचं नि उठवायचं, हा काय पोरखेळ आहे?"

"सूज वाढली तर हवासुद्धा जाणार नाही, डॉक्टर. मग तुम्ही गळा कुठून कापणार? समोर गाठ आहे ती."

ते टेबलापासून दोन पावलं मागे सरले.

एकोणऐंशी. सायरा एजे फुगा दाबत होती आणि ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होती. पुन्हा एकोणऐंशी. औषध उतरायला किती मिनिटं लागतात हे जिपाराला तोंडपाठ होतं, पण ती मिनिटं एवढी लांब असतात हे ठाऊक नव्हतं. त्र्याऐंशी. मग एक उचकी, खोकला, आणि आपांनी स्वतःचा श्वास घेतला.

बऱ्याच वेळानं त्यांनी गळा चाचपला. "आहे की अजून इथंच!" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. जिपारा भिंतीला टेकली आणि खाली बसली.

दुपारी अगायांनी तिला खोलीत बोलावलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "जूनमध्ये निवृत्त होतोय. तोवर कुठे बोलू नकोस. इथं शिकवायची मान्यता फक्त माझ्याकडे आहे. मी आताच गेलो तर दोन्ही जागा राजधानीला, बिश्केकला जातील. एल्दियारच्या बायकोला सातवा महिना लागलाय, जूनपर्यंत बाळंत तरी होईल."

"मला तरी सांगायचं होतंत, अगाय."

"सांगितलं असतं तर तुझा हात स्थिर राहिला असता का? माझ्या भरवशावर तू काय काय शिकलीस, बघ."

ते खरं होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियांच्या फळ्यावर पहिलंच नाव सात वर्षांच्या मुलीचं होतं. टॉन्सिल. भूल: जिपारा, सोबत ओरमोन. जिपारा थिएटरच्या दारापर्यंत गेली आणि तिचा पाय उंबऱ्यावरच अडला. आत ती मुलगी टेबलावर बसून पाय हलवत होती. अगाय खिशात हात घालून उभे होते.

"आता काय?" दिल्मुरोद बाहेर आले.

"माझ्यामागे दुसरं कुणीतरी हवंय," जिपारा म्हणाली. तिला अगायांकडे बघवेना. "वेळ पडली तर नळी घालू शकेल असं कुणीतरी."

सायरा एजेनं मान खाली घातली. अगायांनी डोक्यावरची टोपी काढली, मुलीच्या गालाला हलकेच बोट लावलं आणि ते कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेले. दिल्मुरोदनी विभागप्रमुखांना फोन लावला.

पुढच्या आठवड्यात बिश्केकहून एक भूलतज्ज्ञ दुर्बीण घेऊन आले आणि अजार आपांना जागेपणीच नळी घालून, मग भूल देऊन त्यांचा गलगंड काढला गेला. ओशच्या दोन्ही जागा मात्र बंद झाल्या. एल्दियारची बायको माहेरी राहिली. बिश्केकच्या गाडीत तो जिपाराच्या पुढच्या बाकावर बसला आणि घाट संपेपर्यंत एकदाही मागे वळला नाही. अगाय निरोपाला आले नाहीत. तिनं तीनदा फोन केला, तो त्यांनी उचलला नाही.

बिश्केकला पहिल्याच सकाळी नवे डॉक्टर म्हणाले, "चल, घाल. घाबरू नकोस, मी आहे."

जिपारानं लॅरिंगोस्कोप घेतला नाही. "मला नाही जमलं तर तुम्ही घालाल ना?"

"अर्थात."

"मग एकदा हात दाखवा, डॉक्टर."

परिचारिकेला हसू आवरेना. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि ती बास म्हणेपर्यंत तसेच धरले.

नळी पहिल्याच झटक्यात गेली. तरीही दुपारपर्यंत ती दर थोड्या वेळानं मागे वळून बघत राहिली.